शाळेत पळत होतात का?

हिंगोलीच्या डॉक्टरांनी माझ्या छातीला नळी लावली आणि ती तिथंच धरून ठेवली. त्याआधी मी ज्या ज्या दवाखान्यात गेले, तिथं नळी इकडं-तिकडं टेकवून गोळ्या लिहून दिल्या जायच्या. हे डॉक्टर मात्र डोळे मिटून ऐकतच राहिले. मला डाव्या कुशीवर वळायला लावलं, पुन्हा ऐकलं. आमचे मालक कोपऱ्यात उभे होते. ते गोरेगाव-सेनगाव-हिंगोली अशी जीप चालवतात. जीपची किल्ली ते या बोटातून त्या बोटात घालत होते.

"ताई, लहानपणी कधी गुडघे सुजले होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. पाचवीत होते तवा. ताप बी होता. आईनं रुईची पानं गरम करून बांधली होती."

"आणि शाळेत पळत होतात का? पी.टी.च्या तासाला?"

असलं काही डॉक्टर विचारतील असं मला वाटलंच नव्हतं. मी म्हणाले, "न्हाई. मी आळशी होते."

त्यांनी कानातून नळी काढली. "असं कोण म्हणालं?"

मला एकाचं नाव घेता येईना. सर म्हणाले होते, मैत्रिणी म्हणाल्या होत्या, आई म्हणाली होती. आणि सगळ्यांच्या आधी हल्ली मीच म्हणायला लागले होते.

"तुम्ही आळशी नव्हतात," डॉक्टर म्हणाले. "लहानपणीच्या त्या तापानं तुमच्या हृदयाची एक झडप खराब झाली आणि पुढं ती आवळत गेली. रक्ताला पुढं जायची वाट अरुंद झाली आहे. अशा लेकराला पळता येत नाही."

एवढ्या मोठ्या आजाराचं नाव ऐकल्यावर माणसाला आधी मरणाची भीती वाटत असेल. मलाही वाटली, पण नंतर. त्या टेबलावर मला रडू फुटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. मालकांना वाटलं मी घाबरले. ते पुढं येऊन माझा हात धरून म्हणाले, "रडू नको. आपून करू इलाज."

जीपमध्ये बसल्यावर मी त्यांना म्हणाले, "अहो, मी आळशी न्हवते."

"मी कधी म्हणलं तसं?"

"तुमी न्हाई म्हणलं. मीच तुमाला सांगितलं होतं, लग्न झाल्या झाल्या."

त्यांनी किल्ली लावली. मग म्हणाले, "मला तर ते तवा बी खरं वाटलं न्हवतं." आणि जीप सुरू केली.

*

माझं माहेर कनेरगाव नाक्याजवळच्या एका खेड्यातलं. शाळा रस्त्याला लागून, मैदान मागं. वाशीमकडं जाणाऱ्या ट्रकांचे भोंगे वर्गात ऐकू यायचे. शनिवारी सकाळची शाळा आणि पहिलीच कवायत. मला कवायत आवडायची, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. सावधान, विश्राम, हात वर, हात बाजूला, एक साथ. शिट्टीच्या तालावर सगळ्यांचे हात एकदम वर जायचे आणि त्यात माझेही असायचे. कवायतीत मी कुणापेक्षा कमी नव्हते.

कमी पडायचे ते पुढं. कवायत झाली की हनवते सर मैदानाला चकरा मारायला लावायचे. पहिली चकर निम्मी होईस्तोवर माझ्या छातीवर कुणीतरी दगड ठेवल्यासारखं व्हायचं. तोंड कोरडं पडायचं, कानात धडधड ऐकू यायची. मी थांबायचे, गुडघ्यावर हात टेकून उभी राहायचे. सर लांबून ओरडायचे, "ए, ढोंग बस झालं! पळ!"

हनवते सर वाईट माणूस नव्हते. खो-खोच्या संघातल्या पोरींना ते घरून गूळ-शेंगदाणे आणायचे. एखादी पडली तर तिला उचलून सावलीत न्यायचे. पण मी पडत नव्हते, मला ताप नव्हता, मी लंगडत नव्हते. मी फक्त थांबत होते. थांबणारी पोरगी त्यांना आळशीच वाटणार. त्यांनाच काय, माझ्या सख्ख्या आईला वाटायची. विहिरीवरून येताना मी दोनदा घागर खाली ठेवायचे, तर आई म्हणायची, "हिच्या अंगात कामच न्हाई."

खो-खो मला फार आवडायचा. पाटीत बसून समोरच्या पोरीच्या पायाकडं नजर लावायची आणि पाठीवर थाप पडली की उसळी मारायची. पहिली उसळी माझी सगळ्यांत चांगली, हे सरही म्हणायचे. पण आठवीत असताना, दुसऱ्या शाळेच्या मुली खेळायला आल्या होत्या, तेव्हा मी भर खेळात मधेच खाली बसले. बसले म्हणजे पायच राहिले नाहीत. आम्ही हरलो. त्या दिवशी पोरींनी माझं नाव ठेवलं, बसकी. सर एवढंच म्हणाले, "खेळायचं नसंल तर चपला राखत जा."

मग मी चपला राखायला लागले. दहावी होईस्तोवर पी.टी.च्या तासाला मैदानाच्या कडेला, चपलांच्या ढिगाजवळ बसायचे. सुरुवातीला वाईट वाटायचं. नंतर मीच पोट दुखतं, डोकं दुखतं अशी कारणं शोधून ठेवायला लागले. धाप लागली की लोक हसतात, म्हणून धाप लागेल असं काही करायचंच नाही, हे मी त्या मैदानावर शिकले आणि ते शिकलेलं पक्कं बसलं. पुढं बायका जत्रेत टेकडी चढायच्या तेव्हा मी खाली सामानाजवळ बसायचे. एस.टी. सुटत असली तरी धावायचे नाही. दुसरी येईल म्हणायचे.

आमच्या शाळेत सगळ्यांत जोरात पळायची ती मंदा. तालुक्याला नंबर आलेली. लग्नानंतर एकदा ती मला सेनगावच्या बाजारात भेटली, अंगानं सुटलेली, कंबर धरून चालत होती. मी म्हणाले, "मंदे, पळतीस का न्हाई आता?" ती हसली. "कुठं पळू? कुणाच्या मागं? साडी नेसली अन् संपलं की ते." मला तेव्हा कळलं की मी हरले आणि ती जिंकली, तरी आम्ही दोघी एकाच जागी येऊन पोचलो होतो. शाळेत पळायचं होतं ते नंबरासाठी. नंबर संपल्यावर अंग कशाला हलवायचं, ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

*

लग्न होऊन गोरेगावला आले. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या कामाला विजेसारख्या. मी हापशावरून पाणी आणायला वेळ लावायचे, तर दारात उभ्या राहून म्हणायच्या, "आली का बाई मिरवणूक?" मी हसून घ्यायचे. कोमल पोटात असताना शेवटचे दोन महिने मी आडवी होऊ शकत नव्हते. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. सगळे म्हणाले, पहिलटकरीण आहे, होतं असं. कोमल झाली, मोठी झाली, तरी माझी उशी काही खाली आली नाही. एक होती, मग दोन झाल्या, मग तीन. आडवं झालं की कुणी नाक दाबल्यासारखं व्हायचं. कोमल शाळेत जायला लागली त्या साली एका बाजाराच्या दिवशी मी भाजीच्या पिशवीसकट रस्त्यात बसले ती उठेचना. मालकांनी पॅसेंजर उतरवून दिले आणि मला जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. तिथून पुढचं वर सांगितलंच आहे.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी नांदेडला तपासणी करायला लावली आणि तिथून औरंगाबादला जायला सांगितलं. छाती न फाडता, मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप मोकळी करतात म्हणे. मला काही समजलं नाही. मालकांनी त्यांच्या परीनं समजावलं, "डिझेलच्या नळीत कचरा अडकला तर गाडी चढावर दम सोडती. इंजिन चांगलं असतं. नळी साफ केली की झालं."

"अन् साफ करता करता नळीच फुटली तर?"

ते म्हणाले, "तसलं बोलू नको."

निघायच्या सकाळी मी आवरत होते, तर आत्याबाई फणी घेऊन मागं येऊन बसल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्या डोक्याला कधी हात लावला नव्हता. त्यांनी तेल लावलं, गुंता काढला, घट्ट वेणी घातली. वेणी झाल्यावरही त्या उठल्या नाहीत. मागूनच म्हणाल्या, "लवकर ये. तू नसलीस की घर खायला उठतं."

मला मागं वळून बघवलं नाही. तीन उशांपैकी एक पिशवीत घेतली आणि कोमल उठायच्या आत निघाले.

*

औरंगाबादच्या वॉर्डात सकाळ फिनेलच्या वासानं व्हायची. आधी ताप बघायला सिस्टर, मग झाडू, मग चहा, मग डॉक्टरांचा राऊंड. राऊंडच्या मागं शिकणारी पोरं-पोरी. माझी झडप शिकायला चांगली होती म्हणे, तिचा आवाज स्पष्ट यायचा. एकामागून एक येऊन नळी लावायचे. काही तर माझ्या तोंडाकडंही बघायचे नाहीत. एक पोरगी मात्र रोज आधी आपल्या तळहातावर नळी घासून गरम करायची आणि झाल्यावर "थँक्यू ताई" म्हणायची. त्या एवढ्याशा गोष्टीची मी सकाळपासून वाट बघायचे.

शेजारच्या खाटेवर जिंतूरकडच्या सरूबाई होत्या. वयानं माझ्या आईएवढ्या, त्यांनाही झडपेचंच. झडप मोकळी करून घ्यायला त्या दुसऱ्यांदा आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "मावशी, भ्या वाटतं का?"

"वाटतं की. वाटू द्यायचं. आपलं काळीज हाय, त्याला बी वाटत असंल."

दुपारी भेटायची वेळ झाली की मालक यायचे. बाहेर व्हरांड्यात पेपर अंथरून ते झोपायचे, त्यामुळं शर्टाच्या पाठीला छापील अक्षरांचा काळा डाग असायचा. बोलायला काही सुचायचं नाही, मग मोसंबं सोलत बसायचे. एकेक फोड, वरची पांढरी साल काढून. गोरेगावात त्यांनी मला कधी पाण्याचा तांब्यासुद्धा भरून दिला नव्हता. मी म्हणाले, "कोमल काय करत असंल?" तर त्यांच्या हातातली फोड तशीच राहिली आणि ते खिडकीकडं बघत बसले. त्या दिवशी मला कळलं की त्यांना माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते आहे. मग मीच त्यांना धीर द्यायला लागले, आणि दुसऱ्याला धीर देताना आपला थोडा आपल्याकडंही येतो.

ज्या दिवशी केलं, त्या दिवशी मी जागी होते. खोली गार होती. मांडीपाशी बधिर केलेलं. डॉक्टर आपसात बोलत होते, अधूनमधून मला म्हणत होते, "आता जरा धडधडेल, घाबरू नका." धडधडलं. मैदानावर व्हायचं तसंच, त्याहून जोरात. मला वाटलं आता कुणीतरी ओरडणार. पण डॉक्टर म्हणाले, "छान. अगदी छान करताय." मी काहीच करत नव्हते, नुसती पडले होते. तरी ते ऐकून डोळ्यांतून पाणी कानात गेलं.

खाटेवर आणल्यावर सिस्टरनं सांगितलं, पाय सरळ ठेवायचा, हलायचं नाही. आणि माझ्या डोक्याखालची उशी काढून घेतली. मी घाबरून म्हणाले, "सिस्टर, मला उशीबिगर श्वास घेता येत न्हाई."

"बघा तर घेऊन."

मी वाट बघत पडले. आता नाक दाबल्यासारखं होईल, आता होईल. झालं नाही. हवा आत गेली, खाली, अगदी पोटापर्यंत गेली आणि बाहेर आली. पुन्हा गेली. मालक आले तेव्हा मी सपाट पडून छताकडं बघत होते. ते घाबरून म्हणाले, "उशी कुठाय?" मी म्हणाले, "लागत न्हाई." ते स्टुलावर बसले आणि तोंडावर रुमाल धरून रडले.

*

सुट्टी देताना मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायचं, आणि रोज चालायचं.

"चालायचं?" मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आता तर आराम करायला पायजे ना?"

"आराम झाला. आता चाला. बोलता बोलता चालता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की हळू व्हा. एवढंच लक्षात ठेवा."

सांगायला सोपं होतं. घरी आल्यावर आत्याबाईंनी मला काचेच्या भांड्यासारखं ठेवलं. हापशावर त्या जायच्या. चुलीपाशी त्या. मी उठले की, "काहून उठली? बस." कालपर्यंत चाल म्हणणारं घर आता बस म्हणत होतं. एकदा मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले तर मालक माझ्यावर ओरडले, लग्नानंतर पहिल्यांदाच. "तुला काही झालं तर त्या लेकराचं काय? कळतं का न्हाई तुला?" कोमल दाराआडून बघत होती. मी घरात जाऊन बसले.

खरं सांगायचं तर मला बसायचंच होतं. जरा भरभर चाललं की छातीत ठोके वाढायचे, आणि ठोके वाढले की मला मैदान दिसायचं, सर, पोरी, चपलांचा ढीग. झडप मोकळी झाली होती पण मी नव्हते झाले. डॉक्टर म्हणाले होते ठोके वाढणं चांगलं आहे. ते माझ्या डोक्याला कळत होतं, पायांना कळत नव्हतं. ज्यांचं असं ऑपरेशन झालंय त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं ही भीती म्हणजे पुन्हा बिघडल्याची खूण आहे. ती तशी नव्हती.

मला बाहेर काढलं ते समोरच्या रशिदाभाभींनी. त्या घरी ब्लाऊज शिवतात. त्यांना साखरेचा आजार निघाला होता आणि हिंगोलीच्या डॉक्टरांनी त्यांनाही चालायला सांगितलं होतं. एका सकाळी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"सुनंदा, तुला बी चालायला सांगितलं म्हणे. मग चल की माझ्यासोबत. मी एकली फिरली तर लोक म्हणतील, भाभी घर सोडून चालली."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "तिला न्हाई चालायचं अजून."

"आत्या, मी हाय ना. हिला बराबर वापस आणते. तकलीफ झाली तर पाठीवर घेऊन येते."

भाभींची तब्येत बघता त्या कुणालाही पाठीवर घेणं शक्य नव्हतं. आत्याबाईंना हसू आलं, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता येईना.

आमच्याकडं बाई रिकाम्या हातानं, काही कामाबिगर रस्त्यानं चालली की दहा जण विचारतात. "कुठं निघाल्या?" "काहून निघाल्या?" "कोणी वारलं का?" आम्ही दोन दिवस उत्तरं दिली, तिसऱ्या दिवशी भाभींनी दुधाची बरणी घेतली. मग कुणी विचारलं की म्हणायचं, दूध आणायला. हे काही दिवस चांगलं चाललं. मग एक दिवस दूधवालाच समोरून सायकलवर आला आणि थांबून म्हणाला, "भाभी, माझ्या दुधात काय खोट निघाली?" आम्ही दोघी रस्त्यातच हसत उभ्या राहिलो. हसून हसून मला धाप लागली. आणि ती धाप लागलेली मला कळलीसुद्धा नाही.

बरणी गेली. रस्त्यावर जीपा आणि ट्रक, म्हणून भाभी म्हणाल्या, शाळेच्या मैदानावर जाऊ, सकाळी तिथं कुणी नसतं. फाटकापर्यंत गेले आणि माझे पाय थांबले. शाळा दुसरी, गाव दुसरं. तरी तीच लाल माती, तेच खो-खोचे खांब. मी म्हणाले, "भाभी, इथं नको." त्यांनी कारण विचारलं. मी सगळं सांगितलं, चपला राखण्यापर्यंत.

भाभींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला तर अब्बांनी शाळेतच न्हाई घातलं. मैदानावर काय करतात ते मी कधी बघितलंच न्हाई. तू चपला का होईना, आत बसून राखल्या. दाखव की मला, काय करतात ते."

आम्ही आत गेलो. एक चकर चाललो, बोलत बोलत. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, "दाखव ना." मी इकडं-तिकडं बघितलं, कुणी नव्हतं. पदर खोचला आणि उभी राहिले. सावधान. विश्राम. हात वर, हात बाजूला. इतक्या वर्षांनी हातांना सगळं आठवत होतं. भाभी माझ्यासमोर उभं राहून तसंच करायला लागल्या. त्यांचा उजवा हात वर जायचा तेव्हा माझा डावा, त्यामुळं त्या सारख्या चुकायच्या आणि प्रत्येक चुकीला "या अल्ला" म्हणून हसायच्या. कवायत मला येत होती. शाळेतून मी आणलेलं ते एकच चांगलं होतं, आणि ते मी विसरूनच गेले होते. पुढं चालून झाल्यावर रोज कवायत व्हायला लागली. गल्लीतल्या आणखी दोघी आल्या. पोरगं झाल्यापासून कंबर धरलेली एक, आणि दुसरी नुसतीच, घरात करमत नाही म्हणून.

माझी झडप पुढं कधीतरी पुन्हा आवळू शकते, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं आहे. गोळ्या चालू आहेत. इंजेक्शनचं दुखतं, दोन दिवस बसता येत नाही. तरी ज्या दिवशी चालून येते त्या दिवशी मला मी आजारी वाटत नाही.

*

पुढच्या वर्षी कोमलच्या मॅडम मला बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "कोमल खेळाच्या तासाला बसूनच राहते. अभ्यासात चांगली आहे. पण पळा म्हटलं की कोपऱ्यात जाते. काही त्रास आहे का तिला?"

त्याच दिवशी मालकांनी आम्हाला हिंगोलीला नेलं. त्याच टेबलावर कोमलला झोपवलं, त्याच डॉक्टरांनी नळी लावली. मी भिंतीला धरून उभी होते. स्वतःच्या वेळी इतकी घाबरले नव्हते.

"काही नाही. अगदी ठणठणीत," ते म्हणाले. "हा आजार आईकडून लेकराला येत नसतो. घसा दुखून ताप आला तर मात्र लगेच दाखवायला आणा."

घरी येताना मी कोमलला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "मग खेळत काहून न्हाई गं तू?"

ती बाहेर बघत म्हणाली, "पळलं की धाप लागती. धाप लागली की बाबा औरंगाबादला नेतात. मग आई कितीतरी दिवस येत न्हाई."

मालकांनी जीप बाजूला घेऊन उभी केली. मला कुणी चिडवलं, कुणी हसलं, म्हणून मी बसले होते. माझ्या लेकीला कुणी काहीच म्हणालं नव्हतं. ती नुसती मला बघून बसली होती.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं, "मला पळता येईल का? थोडंसंच?" त्यांनी छाती ऐकली, चालण्याबद्दल विचारलं आणि म्हणाले, "थोडं हळूहळू पळून बघा. दम लागला की चालायला लागा."

रविवारी सकाळी मी कोमलला मैदानावर नेलं. भाभी होत्या. आत्याबाई येणार नाही म्हणाल्या होत्या, पण आमच्या मागून आल्या आणि फाटकाशीच उभ्या राहिल्या. मी कोमलला खांबापाशी उभं केलं. साडीचा ओचा वर खोचला आणि समोरच्या कडुलिंबापर्यंत पळाले. पळाले म्हणजे काय, भाभी म्हणतात तसं, भरभर चालण्यापेक्षा जरा जास्त. लिंबाला हात लावून वळले आणि परत आले. आत्याबाई दोन्ही हात तोंडावर ठेवून उभ्या होत्या.

मला धाप लागली होती. कोमलचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, तिचा हात घेतला आणि माझ्या छातीवर ठेवला.

"धडधड करून राहिलं," ती घाबरून म्हणाली.

"व्हय. पळल्यावर असंच होतं. सगळ्यांचं होतं. आता हात काढू नको. बघत राहा."

ती हात तसाच धरून राहिली. तिच्या तळहाताखाली माझं काळीज जोरात चाललं होतं, मग कमी झालं, आणखी कमी झालं. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"हळू झालं," ती म्हणाली.

"झालं ना?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग वळली आणि लिंबाकडं पळत सुटली, फ्रॉक उडवत, चप्पल एक इथं, एक तिथं टाकून. लिंबाला हात लावला, परत आली, धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली आणि स्वतःच्या छातीवर हात दाबून ओरडली, "आई, माझं बी वाजून राहिलं!"

मी हात पुढं केला. पण ते हळू व्हायची वाट बघायला ती थांबली नाही. पुन्हा पळाली.